चेतकवर चित्रकाराचे तैलरंग : ट्यूब पास, टर्पेंटाईन नापास

सांगलीत मॉडेलचे खास वेदरिंग रंग, म्हणजे ते वापरून मळल्यासारखं दाखवणारे, मिळत नाहीत. म्हणून चित्रकलेच्या दुकानातून कॅम्लिनच्या तैलरंगाच्या तीन ट्यूब आणल्या: बर्न्ट अंबर, काळा आणि पांढरा. काम होतं १:७२ मापाच्या चेतक हेलिकॉप्टरच्या मॉडेलचं, म्हणजे फ्रान्सच्या अल्वेत-३ चं. शेपटीसकट जेमतेम चौदा सेंटिमीटर.

ट्यूबमधला रंग थेट लावायचा नाही. आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा, जवसाचं तेल पुठ्ठा पितो. नाहीतर रंग आठवडाभर चिकट राहतो आणि वर चकाकतो. चेतकचं इंजिन पंख्यामागे उघडंच असतं, त्यामुळे काजळी कुठे धरणार हे वेगळं शोधावं लागत नाही. तिथे अंबर आणि काळ्याचे बारीक ठिपके देऊन जवळजवळ कोरड्या ब्रशने मागे ओढले. बिघडलं तर पुसा, पुन्हा करा, घाई नाही. ॲक्रिलिक एवढी सवड देत नाही. अंबर दोन दिवसांत वाळला, पांढरा मात्र सहाव्या दिवशीही बोटाला लागत होता. पावसाळा, त्यात आमचं घर नदीकाठी.

फसलो ते टर्पेंटाईनमध्ये. हार्डवेअरच्या दुकानातली सुटी बाटली घेतली आणि तिने खालचा इनॅमलचा हिरवा थर दारापाशी उचलला. (सौ. म्हणाल्या, “वासानं तरी कळायला हवं होतं तुम्हाला.”) आता आधी ॲक्रिलिक वार्निशचा हात देतो, मगच तैलरंग.

रंगांना पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पांढऱ्याने खाल्ला.