सेव्हन डेज: व्हरमाँटचा बुधवारचा पेपर

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात नवीन राहायला आलेल्या मराठी मंडळींना मी दोनच सल्ले देते. गाडीला थंडीचे टायर घाला आणि बुधवारी 'सेव्हन डेज' उचला. टायर महाग पडतात, पेपर फुकट आहे. किराणा दुकानाच्या दारात, लायब्ररीत, कॉफीच्या दुकानात गठ्ठे ठेवलेले असतात. वीकेंडपर्यंत थांबलात तर आमच्या इथला स्टँड बहुतेक वेळा रिकामा.

पामेला पोल्स्टन आणि पॉला राउटली या दोघींनी १९९५ मध्ये राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरात, बर्लिंग्टनला, हे साप्ताहिक काढलं. खर्च निघतो तो मुख्यतः जाहिरातींतून, शिवाय काही वाचक आपणहून पैसे पाठवतात. खाणंपिणं, गाणंबजावणं, भाड्याची घरं ही पानं मी भराभर उलटते. जीव आहे तो बातम्यांत आणि निधनवार्तांत.

इथल्या राजकीय बातम्यांची गंमत कळायला राज्याचा आकार लक्षात घ्यावा लागतो. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या व्हरमाँटची लोकसंख्या ६,४३,०७७ भरली. एकट्या नाशिक शहरात याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. राजधानी माँटपीलियर जेमतेम आठ हजारांची. गव्हर्नरची मुदत दोन वर्षांची, त्यामुळे निवडणूक कायम उंबरठ्यावर. सध्याचे गव्हर्नर फिल स्कॉट २०१६ पासून दर खेपेला निवडून येताहेत, आणि पदावर असतानाही बॅरीच्या थंडर रोड ट्रॅकवर शर्यतीची गाडी घेऊन उतरलेत. पुढे अमेरिकेच्या सेनेटमध्ये गेलेले बर्नी सँडर्स १९८१ मध्ये बर्लिंग्टनचे महापौर झाले ते १० मतांनी. दीडशे प्रतिनिधी आणि तीस सेनेटर जानेवारीत जमतात, उन्हाळ्याच्या तोंडावर घरी जातात, आणि मग कुणी शेती बघतं, कुणी दुकान. ज्याच्यावर बातमी लिहायची तोच उद्या वाण्याकडे आपल्या मागे रांगेत उभा असणार. अशा ठिकाणी खोटं लिहिणं अवघड, आणि खरं लिहिणं त्याहून अवघड. हा पेपर दुसरं काम बऱ्यापैकी निभावतो.

फ्लेक्सच्या जंगलातून आलेल्या माणसाला आणखी एक सुख आहे. राज्यात १९६८ च्या कायद्याने रस्त्याकडेच्या होर्डिंगना बंदी आहे. साहेबांचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, हा प्रकारच नाही. नेत्यांच्या वाढदिवसाची पुरवणीही माझ्या पाहण्यात अजून आलेली नाही. नेत्याचा फोटो छापला असेल तर शेजारी प्रश्न असतो.

पण माझ्या मते या पेपराची खरी उंची निधनवार्तांच्या पानावर दिसते. आपल्याकडच्या 'यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या पश्चात' या साच्याची सवय असेल तर थक्क व्हाल. आजीच्या पत्त्यांच्या डावातली लबाडी, आजोबांचा बिघडलेला ट्रॅक्टर, सगळं कुटुंबीय मोकळेपणी लिहितात. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या विळख्यात गेलेल्या तीस वर्षांच्या एका आईची निधनवार्ता इथे छापून आली. घरच्यांनी काही लपवलं नव्हतं: व्यसन, तुरुंग, मुलाची ताटातूट, तिचं गाणं. ती देशभर वाचली गेली. बर्लिंग्टनच्या पोलीसप्रमुखांनी तेव्हा जाहीरपणे विचारलं होतं की हीच गोष्ट इतकी वर्षं डोळ्यांसमोर घडत असताना लक्ष वेधायला चांगली लिहिलेली निधनवार्ता का लागावी. पुढच्या वर्षी पेपरने तिच्या बहिणीकडूनच व्यसनाच्या साथीवर वर्षभराची लेखमाला लिहून घेतली. तीच २०१९ ची गोष्ट, राज्याच्या सार्वजनिक रेडिओबरोबर मिळून वृद्धाश्रमांच्या तपासणी अहवालांचा शोधता येणारा साठाही खुला केला. इथल्या सासूबाईंसाठी जागा शोधणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तो रात्री जागून वाचला.

आता कुठे कमी पडतो ते. पेपर राज्याचा म्हणवतो, पण मला त्यात बर्लिंग्टन आणि आजूबाजूचा भाग जास्त जाणवतो. दक्षिणेकडे राहत असाल तर १७९४ पासून चालत आलेला 'रटलंड हेरल्ड' बघा. समलिंगी जोडप्यांच्या 'सिव्हिल युनियन'वर, म्हणजे लग्नासारखे हक्क देणाऱ्या कायदेशीर नात्यावर, सगळं राज्य भांडत होतं तेव्हा त्यातल्या अग्रलेखांना पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक २००१ मध्ये मिळालं होतं. आणि आठवड्याला एकदा येणारा पेपर विधिमंडळाच्या रोजच्या घडामोडींना पुरत नाही. त्यासाठी 'व्हीटीडिगर' लागतं. ॲन गॅलवे यांनी २००९ मध्ये, पेपरातली नोकरी गेल्यावर, ही ना-नफा वेबसाइट सुरू केली. ईबी-५ व्हिसासाठी, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात ग्रीन कार्ड मिळवण्यासाठी, पैसे घालायच्या विचारात असलेल्यांनी तर तिथलं 'जे पीक' (Jay Peak) या स्की रिसॉर्टचं प्रकरण मुळापासून वाचावं. परदेशी गुंतवणूकदारांच्या पैशांवर या रिसॉर्टचा विस्तार चालला होता, बडे नेते कौतुक करत होते, आणि डिगरचे बातमीदार हिशेब विचारत होते. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रीय नियामकांनी वीस कोटी डॉलरच्या गैरवापराचा दावा ठोकला. पुढे प्रवर्तक तुरुंगात गेले.

माझे गुण पाचपैकी चार. अर्धा गुण मी खाण्याच्या पानांचा कापलाय, कारण तिथे ज्याची स्तुती येते त्या हॉटेलात पुढचे काही शनिवार टेबल मिळत नाही. उरलेला अर्धा दक्षिणेकडच्यांच्या वतीने. वेबसाइटवरही सगळं फुकट वाचता येतं, पण निधनवार्ता कागदावरच वाचा, आणि पेपर हाती आल्या आल्या मागच्या पानांपासून सुरुवात करा.