पिकअपला पिकअप नव्हता, म्हणून घेतलेला एमएएफ क्लीनर स्प्रे

रेटिंग ५ पैकी ४. एक मार्क का कापला ते पुढे येईलच.

आपली गाडी म्हणजे जुनी पेट्रोल पिकअप, २.४ लिटर, चार सिलिंडर. लोड टाकून चढावर घेतली की धापा टाकायची, अॅक्सिलरेटर दाबला की आधी एक डुबकी मारणार मग उचलणार, सिग्नलला आयडल वरखाली, आणि वर चेक इंजिन लाईट. स्कॅनर लावला तर पी ०१७१ हा एरर कोड, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. एका मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं की एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) गेला, नवीन टाका. म्हटलं थांब जरा, एक स्प्रे मारून तर बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा सेन्सर एअर फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधे बसतो आणि आत एक केसासारखी बारीक गरम तार असते (नंतरच्या गाड्यांत पातळ फिल्म). हवा वाहिली की तार गार होते, तिला ठराविक तापमानावर ठेवायला जेवढा करंट लागतो त्यावरून ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळतं किती ग्रॅम हवा आत गेली, आणि पेट्रोल त्या मापाने सोडलं जातं, १४.७ भाग हवेला १ भाग. तारेवर धुळीची पुटं चढली की ती हवा कमी मोजते आणि इंजिन उपाशी राहतं. काही जुन्या बॉशच्या सेन्सरमध्ये तर गाडी बंद केल्यावर ती तार सेकंदभर लालभडक होऊन स्वतःवरची घाण जाळायची, साधारण १००० अंशापर्यंत! माझ्या गाडीत असले लाड नाहीत.

वापरायला सोपं आहे. इग्निशन बंद, गाडी पूर्ण गार, कनेक्टरचं लॉक दाबून काढा (वायर धरून ओढू नका, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, कट्कन तुटतं), दोन स्क्रू काढले की सेन्सर हातात. माझ्याकडे स्क्रू सहा पाकळ्यांचे टॉर्क्स निघाले, खाचेत मधे टोक असलेले, साधा बिट बसतच नाही, त्यासाठी अर्धा दिवस गेला, आधी बघून ठेवा. मग चार बोटं लांबून दहा-बारा छोटे फवारे, तारेवर आणि बाजूच्या त्या थेंबासारख्या तापमान सेन्सरवर पण. खाली पांढरा कपडा ठेवला होता त्यावर काळपट पाणी उतरलं, बघून समाधान वाटलं राव. हात लावायचा नाही, कापसाची काडी नाही, ब्रश नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही, तार तुटली की सेन्सर कायमचा गेला. आणि घरात पडलेला कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर मारून पैसे वाचवायला जाऊ नका, त्यातले काही मागे थर सोडतात, काही प्लास्टिक खातात. हा स्प्रे उडून जातो, काही मागे राहत नाही, पैसे त्याचेच आहेत. मात्र पेट घेणारा आहे, मोकळ्या हवेत मारा आणि नीट वाळल्याशिवाय कनेक्टर लावू नका, मी अर्धा तास ठेवला.

आता रिझल्ट. आधी लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा) आयडलला +१६ आणि लोडवर +२०. साफ केल्यावर लोडवर थेट +४, डुबकी गायब, चढावर गाडी तिसऱ्यात निघाली. पण आयडलला अजून +१३! इथे मी स्प्रेला दोन शिव्या घातल्या, उगाच. नंतर डोक्यात आलं की सेन्सर घाण असेल तर ट्रिम लोडबरोबर वाढतो, आणि आयडलला जास्त पण रेस केल्यावर कमी होत असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. सेन्सरच्या पुढचा तो जाड रबरी वळ्यावळ्यांचा पाइप काढून वाकवला तर वळीच्या आत बोटभर चीर, वरून दिसतच नव्हती. पाइप बदलला, दोन्हीकडे ट्रिम ५ च्या आत आला. आयडलला सेन्सरचं रीडिंग आधी १.८ ग्रॅम पर सेकंद होतं ते आता २.६ दाखवतं. ढोबळ हिशेब असा की इंजिन गरम, एसी बंद, तर जेवढे लिटर साधारण तेवढे ग्रॅम, म्हणजे बरोबर जमलं.

तर मेकॅनिकचं ऐकून नवीन सेन्सर टाकला असता तरी आयडल तसंच राहिलं असतं. पाइप आधी बघा, डबा नंतर उघडा.

अजून एक, घाण आली कुठून? माझ्या बाबतीत एअर फिल्टर बॉक्सची एक क्लिप तुटलेली, झाकण एका कोपऱ्यात उचललेलं, धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ आत. ज्यांनी तेल लावायचे धुता येणारे फिल्टर बसवलेत त्यांनी तेल हात राखून लावा, जास्तीचं तेल तारेवरच जाऊन चिकटतं. क्लिप नसेल बदलली तर दर दोन महिन्यांनी हेच करत बसाल.

कापलेला मार्क डब्यासोबतच्या त्या बारीक नळीचा. घट्ट बसतच नाही, दुसऱ्याच फवाऱ्याला उडून रेडिएटरच्या मागे पडली, ती अजून तिथेच आहे.