दहा दात्यांचे क्रॅम्पॉन, हिवाळाभर वापरल्यावर: पोलाद शाबूत, प्लेट फाटली

क्रॅम्पॉन म्हणजे बर्फावर चालताना बुटाखाली बांधायची पोलादी दात्यांची चौकट. या जोडाच्या दात्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खालच्या अँटी-बॉलिंग प्लेटबद्दल, म्हणजे तळव्याखाली बर्फाचा गोळा जमू न देणाऱ्या प्लेटबद्दल. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात नवख्याला डोंगराच्या धारेवर न्यायचं असेल, तर ही रबरी प्लेट दात्यांइतकीच मोलाची. या जोडाची डावी प्लेट टाचेपाशी फाटली, जिथे ती चौकटीत अडकवतात नेमकी तिथेच. विक्रेता म्हणतो, सुटी प्लेट मिळत नाही, नवा जोड घ्या. बोटभर रबरासाठी धडधाकट पोलाद टाकून द्यायचं? हा निव्वळ पैशांचा चुराडा आहे.

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरांमध्ये हिवाळ्यातही तापमान वारंवार शून्याच्या वरखाली होतं. असा ओलसर बर्फ पोलादाला चिकटतो आणि काही पावलांतच तळव्याखाली घट्ट गोळा जमतो. मग दाते बर्फापर्यंत पोचत नाहीत आणि पाय सटकतो. सरावलेला माणूस आइस अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोका मारून गोळा पाडतो. नवख्याला गोळा जमल्याचं कळत नाही, आणि कळलं तरी उतारावर एका पायावर तोल सांभाळून ठोका मारणं जमत नाही. फाटलेल्या जागी डक्ट टेप लावता येते, पण दगडांवर ती लवकर झिजते.

आणि दगड तर भरपूर. पहिल्या धारेसाठी फियाकल अ कोरे खाश ही धार चांगली: कोरी काशच्या (कोरी म्हणजे डोंगरातली वाडग्यासारखी दरी; नावातलं कोरे खाश तेच) पार्किंगपासून रुंद दांडाने ११४१ मीटरच्या माथ्यावर, तिथून खिंडीतून केर्न गॉर्म शिखर, १२४५ मीटर. शेजारच्या दांडाच्या नावातही फियाकल आहे, पण तो हिवाळ्यात ग्रेड एकची, म्हणजे हिवाळी चढाईच्या श्रेणीतली पहिल्या पायरीची चढाई होतो. नकाशावर पूर्ण नाव वाचा. चढताना उजवीकडे कोरी अन त्रेख्दा. माथ्याजवळ त्या कडेवर बर्फाचे छज्जे पुढे आलेले असतात, तिथून बरंच आत चाला. वाऱ्याने बर्फ उडून दगड उघडे पडतात, दाते बोथट होतात. धार हातातल्या कानशीनेच लावा. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं.

क्रॅम्पॉन बुटाला बांधायच्या पट्ट्यांबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला हातमोजे घालून बकल ओवायचा वैताग येई, टाचेला क्लिप असलेले सी-टू प्रकारचे क्रॅम्पॉन घ्यायला हवे होते असं वाटे. पण सी-टूला टाचेत खाच असलेला, जास्त ताठ, बी-टू दर्जाचा बूट लागतो. नवख्याकडे फार तर भाड्याचा, त्याहून कमी ताठ बी-वन बूट असतो आणि या जोडासारखे पट्टीचे, सी-वन प्रकारचे क्रॅम्पॉन त्यावर नीट बसतात. एकच जोड मधली पट्टी सरकवून वेगवेगळ्या पायांना चालतो, हीच खरी बचत. साधा उन्हाळी बूट मात्र वाकतो आणि क्रॅम्पॉन निसटतो, तिथे हट्ट नको.

माप घरी घ्या. पट्ट्या न बांधता बूट उचलला तरी क्रॅम्पॉन लटकून राहायला हवा. डोंगरावर कडक उतार लागण्याआधी, सपाटीवरच क्रॅम्पॉन चढवा. तळवा झटकून साफ, टाच पूर्ण मागे, बकल बाहेरच्या बाजूला, उरलेलं टोक खोचलेलं. लोंबतं टोक दुसऱ्या पायाच्या दात्यात अडकतं. दहा मिनिटांनी थांबून पुन्हा आवळा, कारण दबलेला बर्फ निघून गेला की पट्टी सैल पडते. नवख्याला तीनच गोष्टी सांगा: पाय फाकवून टाका, सगळे दाते एकदम टेकवा, टाचा ओढू नका. आदल्या संध्याकाळी हिमस्खलनाचा आणि माथ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज पाहा. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा परतीची वेळ पार्किंगमध्येच ठरवा.

एकाच फेरीसाठी जात असाल तर भाड्याने घ्या, पण दुकानातच प्लेटचे कोपरे ओढून तपासा. विकत घेणार असाल तर आधी सुट्या प्लेटची किंमत विचारा. ती मिळतच नसेल, तर दाते कितीही चांगले असोत, दुसरा जोड बघा.