आधी सुई की थेट बांबोळी?

माझ्या मामीच्या हातून पाव पडले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. गोव्यातल्या मडकईला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला, ती पिशवी घेऊन दारात गेली, पाव घेतले आणि उजवी मूठ आपोआप सुटली. हाक मारली ती पोदेरानंच. मामेभाऊ बाहेर येईपर्यंत तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द फुटत नव्हता. अंगावरून वारं गेलंय हे शेजारच्या आजीनंसुद्धा ओळखलं. पण पुढं कुठं न्यायचं? जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं सीटी स्कॅन नव्हतंच. सलाईन लावून ‘आधी बीपी उतरू दे’ म्हणत पाऊण तास गेला. मग बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ. तिथं इंजेक्शन सुरू झालं आणि थोड्याच वेळात दुसरा फॉर्म समोर आला: जांघेतून नळी घालून मेंदूतली गुठळी काढायची आहे, सही करा. भावानं मला फोन केला, “इंजेक्शन दिलंय ना, मग आता हे कशाला?”

त्या एका सहीला आम्ही बारा मिनिटं लावली. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात, हे मी नंतर वाचलं. गुणाकार अजून टोचतो.

तर सुई आणि नळीची ही तुलना, सही करायची वेळ येण्याआधी वाचून ठेवण्यासाठी. पहिली गोष्ट, मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, दोन तऱ्हेचा असतो: रक्तवाहिनी फुटून किंवा गुठळीनं बंद होऊन. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक सीटीत कळतो. इथं लिहितोय ते फक्त गुठळीच्या झटक्याबद्दल. झटका कुठला ते आधी कळत नाही, म्हणूनच सीटीच्या आधी घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नये, बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नये, आणि पाणीसुद्धा पाजू नये, गिळताना ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

इंजेक्शन म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं, आणि जितकं लवकर तितका गुण जास्त. अल्टेप्लेस असेल तर थोडा भाग एकदम आणि उरलेलं तासभर पंपावर. टेनेक्टेप्लेस असेल तर काही सेकंदांत एकच सुई. सीटी आणि औषध देणारा जाणकार डॉक्टर असला की कॅथलॅबशिवायही (म्हणजे धमनीत नळी घालायच्या खास खोलीशिवायही) हे होतं, हा त्याचा मोठा गुण. १९९५च्या अमेरिकी चाचणीत औषध मिळालेले रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी जास्त निघाली. त्याच चाचणीत शंभरातल्या सहा-सात जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, हेही तितकंच खरं.

अडचण कुठं येते? मोठ्या वाहिनीत. मानेतून वर जाणारी कॅरोटिड किंवा तिची मोठी फांदी लांबलचक गुठळीनं बुजली असेल, तर औषध तिला बऱ्याचदा हरवू शकत नाही. बारीक फांदीत ते छान चालतं. मुख्य नळात अडकलेला बोळा नुसत्या औषधानं हलत नाही, तसंच हे.

तिथं नळी लागते. जांघेतल्या किंवा कधी मनगटातल्या धमनीतून कॅथेटर वर नेतात, त्यातून अगदी बारीक नळी गुठळीच्या पार घालतात, जाळी उघडतात, गुठळी तिच्यात गुंतली की हळूच ओढून घेतात. किंवा जाडसर नळीनं शोषून घेतात. जाळी बरी की शोषण, यात घरच्यांनी डोकं घालू नये. दोन्हींच्या तुलनात्मक चाचण्यांत मोठा फरक निघालेला नाही. डॉक्टरचा हात ज्यावर बसलाय ते करू दे. मामीची गुठळी डॉक्टरांनी गॉजवर ठेवून दाखवली: आमसुलाच्या तुकड्यासारखी काळपट तांबडी, तांदळाच्या दाण्याहून जराशी लांब. एवढ्याशा वस्तूनं माणूस मुका होतो!

आकडे नळीच्या बाजूनं भक्कम आहेत. २०१५ साली पाठोपाठ पाच चाचण्या आल्या. त्यांच्या एकत्रित आकड्यांनुसार मोठी वाहिनी बंद असलेल्यांत नळी घातल्यावर तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४६ टक्के होते. नळीशिवाय, म्हणजे बहुतेकांना नुसतं इंजेक्शन मिळून, साडेसव्वीस. मेंदूतला रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच, चार-साडेचार टक्के. नळीचे म्हणून वेगळे धोके आहेत: वाहिनीला इजा, गुठळीचा तुकडा सुटून दुसरीकडे जाणं, जांघेत रक्त साकळणं. आणि अगदी लांबच्या बारीक फांद्यांत नळी घालून फायदा होतो असं २०२५च्या चाचण्यांत दिसलं नाही. नळीची वेळ साधारण सहा तासांची. निवडक रुग्णांत, स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा भाग उरलाय असं दिसलं तर २४ तासांपर्यंत.

रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी लुळा उठला तर या २४ तासांचा उपयोग होतो. घड्याळ तो उठला तेव्हापासून लावत नाहीत, शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून लावतात. त्यामुळं ‘रात्री अकराला भजनाहून आले, नीट बोलत होते’ हे वाक्य डॉक्टरला सगळ्यात आधी सांगायचं.

काहींना सुई चालत नाही: नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) १.७च्या वर, बीपी १८५/११०च्या खाली येतच नाही. त्यांना नळीचा रस्ता बऱ्याचदा उघडा असतो. पण ज्याला दोन्ही चालतात त्याला दोन्ही द्यायचे. भावाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

म्हणजे घरच्यांच्या हातातला खरा निर्णय एकच, आधी कुठल्या दारात जायचं. स्पेनच्या कातालोनियात नेमकी हीच चाचणी झाली, २०२२ साली छापून आली: शहरापासून दूरच्या, मोठी वाहिनी बंद असल्याचा संशय असलेल्या रुग्णांना जवळच्या स्ट्रोक केंद्रात न्यायचं की थेट नळीच्या केंद्रात? तीन महिन्यांनी फरक निघाला नाही. पण तिथली जवळची केंद्रं सुई भराभर देणारी आणि रुग्ण पटकन पुढं पाठवणारी होती. सलाईन लावून बसणारी नव्हेत.

माझं मत असं. फोंडा, डिचोली, म्हापसा, पणजीच्या बाजूला असाल तर मध्ये कुठं न थांबता बांबोळी. काणकोणहून मात्र बांबोळी साठ-पासष्ट किलोमीटर पडते. वाटेत मडगावच्या जिल्हा रुग्णालयात सीटी चालू असेल आणि सुई लगेच मिळत असेल तर तिथं थांबण्यात अर्थ आहे, गाडी मात्र सोडायची नाही. पेडण्याचं मला अजून ठरवता येत नाही, रस्ता रिकामा असेल तर मी थेट जाईन. स्वतःच्या गाडीपेक्षा १०८ बरी, कारण ते वाटेतूनच पुढं कळवू शकतात.

पैशांचं थोडक्यात. खासगीत नळीचा खर्च लाखांत जातो, कारण जाळी एकदाच वापरायची असते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं कवच आहे. कार्डाचं नूतनीकरण राहिलंय का ते आज बघा. घराजवळच्या मोठ्या खासगी इस्पितळात एकदा फोन करून विचारा: रात्री दोनला सीटी होतं का, आणि मेंदूची नळी घालणारा डॉक्टर किती वेळात पोचतो? हृदयाचा कॅथलॅब आहे म्हणजे मेंदूचंही काम होतं असं नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर ते नाव यादीतून काढा.

मामी आता चालते, उजव्या हातानं भाकरीही थापते. भाज्यांची नावं तेवढी उलटसुलट होतात. परवा तिनं भेंड्यांना वांगी म्हटलं आणि स्वतःच हसली. पोदेर रोज थांबून विचारतो, “बाय, आज कितें?” ती बोटांनी चार दाखवते, मग आठवून तोंडानंही म्हणते.