टी.सी.एल. पावडर की द्रवरूप हायपोक्लोराइट?

कृष्णाकाठच्या, विशेषतः सांगली परिसरातील ज्या ग्रामपंचायतींना पावसाळ्यापूर्वी पाणी शुद्धीकरणासाठी टी.सी.एल. (ब्लीचिंग) पावडरचा किंवा द्रवरूप हायपोक्लोराइटचा (क्लोरीनयुक्त जंतुनाशक द्रावणाचा) साठा करायचा आहे, त्यांनी दरापेक्षा अपघाताचा विचार आधी करावा.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपलब्ध (म्हणजे जंतुनाशनासाठी कामी येणारे) क्लोरीन असते, मात्र दमट खोलीत ते झपाट्याने घटते. खरा धोका शेजाराचा आहे. पंपघरात डिझेल, ग्रीस, गोणपाट आणि खताची पोती एकत्र पडलेली असतात. त्यांच्याशी संपर्क आल्यास पावडर तापते आणि आगही लागू शकते. सांडलेली पावडर कोरड्या, स्वच्छ प्लास्टिकच्या सुपलीने वेगळ्या भांड्यात भरावी. भुसा टाकू नये आणि ती मूळ डब्यात परत ओतू नये. आग लागल्यास दुरून भरपूर पाणी मारावे. अमोनियम फॉस्फेट असलेले कोरडे अग्निशामक येथे वापरू नये.

हायपोक्लोराइटच्या द्रावणात आगीची भीती कमी, पण ते उन्हात लवकर निकामी होते आणि त्यातून वायू सुटत असल्याने झाकणाला वायुछिद्र लागते. गळती वाळूने अडवावी. डोळ्यांत उडाल्यास किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

पावडर असो वा द्रावण, शौचालय सफाईचे ॲसिड मिसळल्यास दोन्हींतून विषारी क्लोरीन निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उंचावर जावे.

पुरात वाट तुटणाऱ्या, पण कोरडी स्वतंत्र खोली असलेल्या गावाला पावडर सोयीची. नियमित पुरवठा आणि डोसिंग पंप (ठरावीक मात्रेत द्रावण सोडणारा पंप) असलेल्या योजनेला द्रावण.