काचेचे मणी: फुकट व्हिडिओ बघून शिकायचं की क्लास लावायचा?

एका मैत्रिणीला टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून, काचेचे मणी करायला शिकायचंय आणि ती या दोन्हींत अडकलीय, म्हणून लिहितेय.

खर्च. व्हिडिओ फुकट असले तरी टॉर्च, गॅस, काचेच्या कांड्या, मँड्रेल (ज्यावर मणी गुंडाळतात ती धातूची सळई), चष्मा हे सगळं आधीच घ्यावं लागतं, क्लासमध्ये ते बहुतेक तिथलंच वापरायला मिळतं, त्यामुळे आवड टिकतेय का ते कळेपर्यंत क्लासच स्वस्त पडू शकतो.

हात बसणं. इथे खरा फरक आहे. मँड्रेल सतत फिरवत राहायचं नाहीतर मऊ काच एका बाजूला ओघळते, हे व्हिडिओत दिसतं पण आपला हात नेमका कुठे थांबतोय ते शेजारी उभं असलेलं माणूसच सांगतं. ठिपके किंवा फुलं कशी काढायची ते मात्र व्हिडिओ दहादा मागे नेऊन बघता येतं, आणि ते फार कामाचं आहे.

टिकाऊपणा. मणी सुंदर होतो आणि काही दिवसांनी तडकतो, कारण भट्टीत ॲनीलिंगच झालेलं नसतं. ॲनीलिंगसाठी सॉफ्ट ग्लासला, म्हणजे कमी तापमानाला मऊ होणाऱ्या काचेला, साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरून मग हळूहळू थंड करावं लागतं. सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा; १०४ सीओईची काच ३३ च्या बोरोसिलिकेटबरोबर (उष्णता सोसणाऱ्या कडक काचेबरोबर) अजिबात मिसळू नका, थंड होताना दोन्ही वेगवेगळ्या आकसतात आणि मणी तडकतो. घाईतल्या व्हिडिओंत हे सुटतं.

सुरक्षितता. गॅसची गळती तपासणं, हवा खेळती ठेवणं, ज्योतीचा पिवळा झगझगाट अडवणारा डिडिमियम चष्मा. इथे मी क्लासच म्हणेन.

ज्याने टॉर्च कधीच पेटवला नाही त्याने दोन-तीन दिवसांचा क्लास करावा, ज्याला गोल मणी जमतो त्याला पुढे व्हिडिओ भरपूर पुरतात.