शेलिनचा पुजारी घेऊन खेळलो: रोवणी ते होळी

वडशाजवळच्या आमच्या गावात चारपाच जण पाथफाइंडर खेळतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र वठवायचा हा खेळ. दुसरी आवृत्ती, रिमास्टरचे म्हणजे सुधारलेले नियम. आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर नियम फुकट वाचता येतात, म्हणून पुस्तकाचा खर्च नाही. फासे तेवढे मागवले. मी क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेनं जादू करणारा पुजारी घेतला आणि देवी निवडली शेलिन, म्हणजे खेळातल्या गोलेरियन जगातली कला, सौंदर्य, प्रेम अन् संगीताची देवी. मंडळी खो खो हसली. हा आता फुलं वाहत बसते म्हणे.

देवी दिसते तेवढी मऊ नाही. तिचं शस्त्र ग्लेव्ह: लांब दांडा, टोकाला पातं, शत्रू जवळ यायच्या आत वार. तिच्या हातातलं ग्लेव्ह तिनं भावाकडूनच हिसकावलेलं आहे. हा डू-ब्राल आधी तिच्यासारखाच कलेचा देव. विश्वापलीकडे गेला अन् झॉन-कुथॉन होऊन परतला, यातनेचा देव. बापालाही त्यानं सोडलं नाही. तरी बहिणीनं त्याची आस सोडलेली नाही.

खरी मजा मात्र तिच्या दोन मनायांत आहे. शरण आलेल्याला नाही म्हणायचं नाही. कलाकृती मोडायची नाही अन् मोडूही द्यायची नाही. जीव वाचवायचा असेल किंवा त्यातून आणखी थोर कला घडणार असेल, तरच सूट.

एका डावात डाकूंचा अड्डा जुन्या देवळात होता. आमच्या जादूगाराला तेल ओतून सगळंच पेटवायचं होतं. आतल्या भिंतींवर चित्रं आहेत हे दादानं (आमचा गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा) आधीच सांगितलेलं. मी आडवा आलो. "काहून बे? भिंत आहे ते, माणूस नाही!" हे बोलणाऱ्याच्या घरी झाडीपट्टी नाटकांचे पडदे रंगवतात, बरं का! शेवटी दारात उभं राहून एकेकाला ग्लेव्हच्या टप्प्यात घेतलं. उरलेल्यांनी हत्यारं टाकली. आता त्यांना खाऊ घालत शहरापर्यंत न्या! पोरं वैतागली, पण त्यातलाच एक कैदी पुढं आमचा वाटाड्या झाला. जाळून टाकलं असतं तर ती वाट सापडलीच नसती.

ताकदीचं म्हणाल तर पहिल्याच पातळीला हील या जखमा भरणाऱ्या मंत्राचे ४ वापर जादा मिळतात. आपल्या पाळीतल्या दोन कृती खर्चल्या की १डी८ + ८, म्हणजे आठ बाजूंच्या एका फाशावर येईल तो आकडा अधिक ८, एवढी जखम भरते. प्रोटेक्टर्स सॅक्रिफाइस हा मंत्र घेतला तर ३० फुटांतल्या साथीदाराचा ३ गुणांचा मार आपल्या अंगावर घेता येतो. ३ म्हणजे किरकोळ वाटतं, पण सुरुवातीला तेवढ्यावरच गडी उभा राहतो. डिझीइंग कलर्स हा डोळे दिपवणाऱ्या रंगांचा मंत्र फुटकळ शत्रूंच्या घोळक्यावर भारी, म्होरक्यावर फुसका.

एक कला निवडून तीत तरबेज व्हा, असाही तिचा आदेश आहे. मी पात्राला दंडारीचा, आमच्याकडच्या लोककलेचा, नाच दिला. कागदावर झकास, पण लढाईत परफॉर्मन्सचा (कला सादर करायच्या कौशल्याचा) फासा टाकायची वेळ क्वचितच येते. अन् नियम सगळे इंग्रजीत, त्यामुळे नवीन गड्याला प्रत्येक ओळ समजावून सांगत बसावं लागते.

दिसेल त्याला कापत सुटायचं असेल तर दुसरा देव पाहा. बाकीच्यांनी घ्याच. फक्त गेम मास्टरला आधी सांगून ठेवा, शत्रू शरण येतील, त्यांची सोय लावून ठेव म्हणून. आमच्या वहीत कैद्यांच्या जेवणाचा हिशेब वेगळ्या पानावर चालू आहे, अन् तो खर्च दादा माझ्याच पात्राच्या सोन्यातून कापतो.